पाठांतर टिकत नाही, कॅप्सूल घेऊ, अ‍ॅप घेऊ की दुसरं काही करू?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याजवळच्या एका ब्रँचला क्लार्क आहे, वय ४३. यंदा ऑफिसरच्या प्रमोशनची परीक्षा द्यायचीच असं ठरवलंय. कॉलेज सुटल्यापासून अभ्यासाशी संबंध नव्हता आणि आता रात्री स्वयंपाकघर आवरून पुस्तक घेऊन बसते, एनपीएचं, म्हणजे थकलेल्या कर्जांचं, प्रकरण वाचते, हायलाइटर मारते, वाचताना सगळं समजतं, झालं एकदाचं असं वाटतं, आणि सकाळी एसटीत बसून आठवायला गेलं की सबस्टँडर्ड वर्गातल्या कर्जाला किती टक्के तरतूद, म्हणजे बँकेने बाजूला ठेवायची रक्कम, डाउटफुलला किती, कुठल्या नोटिशीला किती दिवस, सगळ्याची खिचडी होते. काउंटरवर रोज येणाऱ्या माणसाचं नावसुद्धा ऐनवेळी आठवत नाही आणि मग नुसतं "या या" म्हणून वेळ मारून न्यावी लागते. गॅस बंद केला का हे बघायला परत जिना चढणं तर नेहमीचंच.

आता घरातले सल्ले. मेडिकलवाल्याने एक कॅप्सूल दिलीय, डबीवर ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, जिंको अशी सगळी नावं आहेत, महिन्याला हजाराच्या वर जातील. मुलगा दहावीला आहे, तो म्हणतो आई ब्रेन ट्रेनिंगचं अ‍ॅप घे, रोज पंधरा मिनिटं गेम खेळायच्या, वर्षाचे पैसे एकदम भरले की स्वस्त पडतं. सासूबाई बदाम भिजत घालतात, ते खाते.

विचारलं जाईल म्हणून आधीच सांगते, आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. शुगर बीपी काही नाही. पित्ताचा त्रास जुना आहे त्यामुळे सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी असते, ती आता बरीच वर्षं चालू आहे. झोप साडेबारा ते साडेपाच.

कॅप्सूल सुरू करू का? अ‍ॅपचे पैसे भरू का? की या वयात पाठांतर होतच नसतं? ज्यांना माहिती आहे त्यांनी मनापासून सांगा, परीक्षेला अजून चार महिने आहेत.

चिंचबन:

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, या वयात पाठांतर होतं. मी राज्यसेवेची तयारी करून आता सरकारी नोकरीत आहे आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चाळिशीतली माणसं विशीतल्या पोरांच्या बरोबरीने अभ्यास करताना पाहिली आहेत. तुमच्या पोस्टमध्ये मला अडचण दिसते ती डोक्याची नाही, पद्धतीची. वाचताना सगळं समजतं आणि सकाळी काही आठवत नाही हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं कारण वाचणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रात्री तुम्ही फक्त पहिलं करताय. परीक्षेत मात्र दुसरंच लागतं.

यावर २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी एक साधा प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. पण आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे, आपल्याला किती लक्षात राहील असं वाटतं हे विचारलं तेव्हा जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. तुम्हाला रात्री "झालं" वाटतं ना, तेच हे.

म्हणून हायलाइटर बाजूला ठेवा. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, अडलं तरी लगेच उघडायचं नाही, अर्धा एक मिनिट डोक्याला ताण द्यायचा, मग उघडून बघायचं काय राहिलं. सुरुवातीला फार वैताग येतो, चार ओळींच्या पुढे काही सुचत नाही आणि वाटतं यापेक्षा वाचलेलं बरं. तसंच चालू ठेवा, त्या ताणानेच गोष्ट पक्की होते.

दुसरी गोष्ट कार्डं. घरात जुन्या लग्नपत्रिका असतात, त्यांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापा, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. एका कार्डावर एकच गोष्ट. "एनआय अ‍ॅक्ट सांगा" असं, म्हणजे चेकचा अख्खा कायदा एका कार्डावर, करू नका. "चेक न वटल्यास कलम कोणतं" असं करा, मागे १३८. पुढचं कार्ड, चेक परत आल्याचं कळल्यापासून नोटीस किती दिवसांत द्यायची, मागे ३०. अजून एक, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला मुदत किती, मागे १५. सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्यातल्या १३(२) च्या नोटिशीला ६० दिवस, त्याचं वेगळं कार्ड. केवायसी परत कधी, हाय रिस्कला २ वर्षं, मिडियमला ८, लोला १०, ही तीन वेगळी कार्डं.

मिठाईच्या रिकाम्या बॉक्सात पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. नवीन कार्ड पहिल्या कप्प्यात, तो कप्पा रोज बघायचा. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, तो तीन दिवसांनी, पुढचा आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. चुकलं की कार्ड कुठेही असो, परत पहिल्यात. लाइट्नर नावाच्या गृहस्थांनी ७०च्या दशकात ही पेटी लोकप्रिय केली. फोनवर हेच काम आन्की नावाचं सॉफ्टवेअर करतं, अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे, मराठीत कार्डं करता येतात. त्यामुळे गेमच्या अ‍ॅपला पैसे घालवू नका. पण खरं सांगू, हाताने लिहिलेली कार्डं एसटीत काढायला सोपी पडतात.

आणि हे अंतर ठेवून बघणं का, तर विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं आणि मग मंदावतं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने अर्थ नसलेली अक्षरं स्वतः पाठ करून हे मोजलं होतं, १८८५ मध्ये छापलंय. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, नंतरच्या लांबवल्या तरी चालतात. रविवारी एकदम पाच तास बसण्यापेक्षा रोजचा पाऊण तास लाखपट बरा.

औषधांचं जाणकार सांगतील, तो माझा विषय नाही.

रमाकाकू:

कृष्णाकाठ, मी तुझ्या आईच्या वयाची आहे. चिंचबनने सांगितलंय ते शंभर टक्के खरं आहे आणि ते आपल्याकडे घरोघरी होतंच की. दिवेलागणीला हातपाय धुऊन परवचा म्हणायला बसवायचे आम्हाला, पाढे, पावकी, निमकी, दिडकी, औटकी, समोर पुस्तक नाही काही नाही. माझे वडील मधेच विचारायचे, औटकीत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यात, सातला किती? साडेचोवीस. आजही भाजीवाल्याकडे मला मोबाइल काढावा लागत नाही. आता मुलांना हे कोणी म्हणायला लावत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण ब्राह्मीला नावं ठेवू नका. माझ्या बहिणीच्या नातवाला सातवीत असताना ब्राह्मीचं सिरप दिलं होतं, फरक पडला. आयुर्वेदात सांगितलंय ते उगाच नाही.

औषधालय:

काकू, नावं कोणीच ठेवत नाहीये. मी फार्मसिस्ट आहे, माझं स्वतःचं दुकान आहे, आयुर्वेदिकही विकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चरकात मेध्य, म्हणजे बुद्धीला बळ देणारी, रसायनं म्हणून चार सांगितली आहेत, मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधाबरोबर, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. आता गंमत बघा, आपल्याकडे कुंडीत लावतात, गोल पानांची, जमिनीवर पसरणारी, तिला बरेच जण ब्राह्मी म्हणतात पण ती खरं तर ही मंडूकपर्णी. आणि कॅप्सूलच्या डबीवर बॅकोपा लिहिलेलं असतं ती जाड बारीक पानांची, पाणथळ जागी येणारी जलब्राह्मी. दोन वेगळ्या वनस्पती आहेत. शंखपुष्पी म्हणून तर तीन चार वनस्पती विकल्या जातात, निळी गोकर्णसुद्धा. त्यामुळे "ब्राह्मी घेतली आणि फायदा झाला" म्हणताना नक्की काय पोटात गेलं हेच आधी बघावं लागतं.

यातल्या बॅकोपावर मात्र बरं काम झालंय. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी संस्थेने तिचा अर्क तयार केला, आणि ऑस्ट्रेलियात निरोगी माणसांवर चाचण्या झाल्या, रोज ३०० मिलिग्रॅम, १२ आठवडे. २००२ सालच्या एका चाचणीत नवीन शिकलेलं विसरण्याचा वेग थोडा कमी झालेला दिसला. थोडा. बाकीच्या बऱ्याच मोजमापांत फरक नव्हता. आणि हे सगळं तीन महिन्यांनी, आज गोळी घेतली आणि उद्या पाठांतर झालं असं अजिबात नाही. काहींना पोट बिघडतं, जुलाब होतात. ताईंना आधीच पित्त आहे हे लक्षात घ्या.

जिंकोवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली, ३०६९ वयस्कर माणसं, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम, काही वर्षं पाठपुरावा, २००८ मध्ये निकाल आला की स्मृतिभ्रंश टळत नाही. वर रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांना रक्तस्रावाचा धोका. अश्वगंधा थायरॉइडच्या पातळीत फरक करू शकते आणि काही जणांच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी, कृपया वाचून सोडू नका. घरात कोणाला फिटसाठी फेनिटॉइनची गोळी चालू असेल तर शंखपुष्पीचं सिरप देऊ नका. मुंबईच्या केईएममधल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये हे छापलंय, पेशंटच्या फिट आटोक्यात होत्या, शंखपुष्पी सुरू केल्यावर रक्तातलं फेनिटॉइन घटलं आणि फिट परत यायला लागल्या. दहावी बारावीच्या मुलांना हे सिरप आई वडील बिनधास्त देतात, मी काउंटरवर प्रत्येकाला विचारतो फिटची गोळी आहे का म्हणून, काहींना राग येतो, येऊ दे.

तर ताई, माझं मत, ही कॅप्सूल राहू द्या. चार चार गोष्टी एकत्र घातलेल्या कॅप्सूलमध्ये प्रत्येकाचा डोस इतका कमी असतो की चाचणीत वापरलेल्या मात्रेशी ताळमेळच बसत नाही. डबी उलटी करून प्रत्येकापुढचा मिलिग्रॅमचा आकडा बघा. आकडाच नसेल तर विषयच संपला.

कृष्णाकाठ:

बापरे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी. औषधालय दादा, डबी बघितली, सगळ्यांचं मिळून एकच "हर्बल ब्लेंड ५०० मिलिग्रॅम" लिहिलंय. परत करते.

चिंचबन दादा, काल पहिल्यांदा पुस्तक मिटून लिहायला बसले. अर्धं पानसुद्धा भरलं नाही आणि रडकुंडीला आले, पण आज सकाळी एसटीत तेवढं अर्धं पान मात्र बरोबर आठवत होतं. पत्रिका शोधून ठेवल्या आहेत.

प्रश्न दोन. अ‍ॅपच्या गेममध्ये मुलाचा स्कोअर खरंच वाढलाय, मग उपयोग नाही असं कसं? आणि आकडे. तरतुदीचे १५, २५, ४०, १०० हे पाठ होतं पण कुठला कशाचा हे उलटसुलट होतं. त्याला काय करू?

संथा:

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं माझ्या परीने सांगतो. मी लहानपणी वेदपाठशाळेत शिकलो, आता आयटीत आहे. संथा, म्हणजे पाठ, घेताना गुरुजी एकदा म्हणायचे, आम्ही दोनदा, पोथीकडे बघायचं नाही. पण खरी मेख त्याच्या पुढे आहे. आधी सलग संहिता, मग एकेक पद सुटं, मग क्रमपाठ म्हणजे पहिलं दुसरं, दुसरं तिसरं, तिसरं चौथं. मग जटा, पहिलं दुसरं, दुसरं पहिलं, परत पहिलं दुसरं. घनपाठात अजून पुढे, तिसऱ्या पदापर्यंत जाऊन उलटं यायचं आणि परत सुलटं. असे आठ विकृतिपाठ आहेत. लिहून न ठेवता हजारो ऋचा स्वरासकट पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या यामुळे, कारण कुठलंही पद फक्त मागच्याच्या आधाराने उभं नसतं, कुठूनही धरा, दोन्ही बाजूंनी पुढे जाता येतं.

तुमचे आकडे एकाच क्रमाने पाठ झालेत म्हणून मधला विचारला की पहिल्यापासून म्हणावं लागतं आणि गाडी घसरते. कार्डं दोन्ही बाजूंनी करा. डाउटफुल दुसरा प्रकार म्हटलं की ४० यायला हवं आणि वेगळ्या कार्डावर ४० म्हटलं की दुसरा डाउटफुल. कार्डं दर वेळी पिसून घ्या, एकाच क्रमाने कधीच बघू नका. आणि मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात म्हणताना अडलेलं आपण नकळत पुसटून पुढे जातो, आवाज काढला की अडखळणं लपत नाही.

घाटावरचा:

गेमचं मी सांगतो. स्कोअर वाढतो तो त्याच गेमचा वाढतो. १९८० साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला प्रयोग आहे, एका विद्यार्थ्याला आकडे ऐकून तसेच परत म्हणायला लावायचे. सुरुवातीला इतरांसारखे सातच म्हणता यायचे. दीड पावणेदोन वर्षांच्या सरावाने तो ७९ आकड्यांपर्यंत गेला! तो धावपटू होता, आकडे ऐकले की शर्यतीच्या वेळा म्हणून त्यांचे गट पाडायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर परत सहावर आला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती वाढली नव्हती, आकड्यांची एक युक्ती पक्की झाली होती. लुमॉसिटी नावाची मोठी ब्रेन गेमची कंपनी होती, गेम खेळून शाळेत, कामात, म्हातारपणात फायदा होतो अशी जाहिरात करायची, तिला २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकसंरक्षण संस्थेकडे २० लाख डॉलर भरावे लागले कारण त्या दाव्यांना पुरेसा आधार नव्हता. मुलाला मजेसाठी खेळू द्या, पण त्या पंधरा मिनिटांत तुमची वीस पंचवीस कार्डं होतात.

आता युक्तीच करायची तर तुमच्याच आकड्यांची करू. ग्रीक लोकांपासून चालत आलेली जागांची पद्धत आहे, ओळखीच्या घरात क्रमाने एकेक चित्र ठेवायचं आणि मनात चालत जायचं. २०१७ मध्ये एक अभ्यास आला, साध्या माणसांना रोज अर्धा तास असं सहा आठवडे शिकवलं तर ७२ शब्दांच्या यादीतले आधी सरासरी २६ आठवायचे ते ६२ वर गेले.

तर ताई, माहेरचं घर डोळ्यासमोर आणा. फाटक, तुळस, ओसरी, देवघर, एवढ्या चारच जागा घेऊ, शक्यतो घर तुमचंच असू द्या, माझं नको.

फाटकावर सबस्टँडर्ड, १५ टक्के. फाटकाला कोणीतरी झेंडा बांधलाय, पंधरा ऑगस्ट. झेंडा अर्धवट उलगडलाय, फाटक कुरकुरतंय, कारण कर्ज नुकतंच बिघडलंय.

तुळशीपाशी पहिला डाउटफुल, एक वर्षापर्यंतचा, २५ टक्के. तुळशीच्या कुंडीत चांदीचा मोठा रुपया रोवलाय, रौप्यमहोत्सवाचा.

ओसरीवर दुसरा डाउटफुल, एक ते तीन वर्षं, ४०. ओसरीवर आजोबा चाळिशी लावून कर्जाचे कागद डोळ्यांपाशी धरून बसलेत आणि त्यांना काही दिसत नाहीये. हे चित्र मला स्वतःला फार आवडतं.

देवघरात तिसरा, तीन वर्षांच्या वर, १००. तिथे कृष्णाच्या हातात सुदर्शन फिरतंय, शिशुपालाचे शंभर भरले. आता माफी नाही, सगळीच रक्कम गेली असं धरायचं.

हे तारण असलेल्या भागाचे टक्के आहेत, तारण नसेल तर सबस्टँडर्डलाच २५ आणि डाउटफुलला थेट १००, त्याचं वेगळं चित्र तुम्ही करा, दुसऱ्याने दिलेल्या चित्रापेक्षा स्वतः काढलेलं जास्त टिकतं. आणि परीक्षेआधी रिझर्व्ह बँकेचं ताजं सर्क्युलर बघून घ्या, टक्के बदलत असतात.

फक्त एक. ही पद्धत याद्या, आकडे, क्रम यांच्यासाठी. कर्ज एनपीए ९० दिवसांनी का होतं आणि कमी मुदतीच्या पिकांच्या कर्जाला दोन हंगाम का दिले, हे समजून घ्यायला घर वगैरे काही कामाचं नाही. शेतकऱ्याचे पैसे पीक विकल्यावर येतात, महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, हे एकदा समजलं की ते पाठ करावंच लागत नाही.

चिंचबन:

वा, शिशुपाल एकदम चपखल. ताई, हे चित्र बसलं की त्याचंही कार्ड करा, जागा म्हटल्यावर आकडा. आणि झोपेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, पाच तास फार कमी आहेत. शिकल्यानंतर झोपलं तर जागं राहण्यापेक्षा कमी विसरतं हे १९२४ सालापासून माहिती आहे. रात्री साडेबारापर्यंत डोळे ताणण्यापेक्षा अकराला झोपा आणि कार्डं एसटीत करा.

अंबरनाथ लोकल:

मधेच विचारतो, माफ करा. माझे वडील ७२ वर्षांचे आहेत, रोज शब्दकोडं आणि सुडोकू सोडवतात, डोकं शाबूत राहावं म्हणून. हल्ली एकच गोष्ट दोनतीनदा विचारतात आणि टीव्हीचा आवाज खूप मोठा करतात. त्यांना काही गोळी सुरू करावी का? की अजून कोडी द्यावीत?

तळेगावचा डॉक्टर:

अंबरनाथ, आधी कान तपासून घ्या. आवाज मोठा लागतोय म्हणजे ऐकू कमी येत असावं, आणि जे नीट ऐकूच आलं नाही ते माणूस परत विचारतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली त्यात श्रवणदोष आहे, दृष्टिदोष आहे, बीपी, शुगर, एकटेपणा आहे. कोडी सोडवू देत, आनंद मिळतो, पण त्यांना चालायला न्या. २०११ च्या एका अभ्यासात १२० वयस्कर लोक होते, त्यातल्या अर्ध्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भरभर चाल केली तर स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग सुमारे २ टक्के वाढलेला आढळला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा तो घटला होता. कान ठीक असूनही तेच तेच विचारत असतील, ओळखीच्या रस्त्यावर चुकत असतील, पैशाचा हिशेब जमत नसेल, तर मात्र थांबू नका, न्यूरोलॉजिस्टना दाखवा. लवकर गेलं की निदान लवकर होतं, आणि काही कारणं पूर्ण बरी होण्यासारखी असतात.

कृष्णाकाठ ताई, तुमच्या पोस्टमधल्या दोन ओळींमुळे मी लिहायला आलो, शाकाहार आणि वर्षानुवर्षं पित्ताची गोळी. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींमध्ये नसतं, शाकाहारी माणसाला ते दुधादह्यातून थोडंफार मिळतं आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं. ते आम्लच तुम्ही रोज गोळीने कमी करताय. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी होतं. पुण्यात २००६ मध्ये ४४१ पुरुषांची तपासणी छापून आली होती, ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. तेव्हा हे काही दुर्मिळ नाही. विसरभोळेपणा, थकवा, पायाला मुंग्या, जीभ लाल होणं, चिडचिड, हे सगळं त्यात येतं. थायरॉइड कमी असेल तरी असंच होतं आणि बायकांमध्ये चाळिशीनंतर ते बघावंच लागतं.

सप्लिमेंटचा खरा उपयोग इथे आहे. शरीरात कमी असेल ते भरून काढलं की फरक पडतो, आणि कमी नसेल तर वरून कितीही घेतलं तरी स्मरणशक्ती वाढत नाही. हे बी-१२ ला लागू आहे तसंच ओमेगा थ्रीला, तसंच मल्टिव्हिटॅमिनला, चाळिशीतल्या निरोगी माणसाबद्दल बोलायचं तर. बदाम खा, चांगलेच आहेत, पण त्यातून बी-१२ मिळत नाही.

कृष्णाकाठ:

डॉक्टर, मुंग्या येतात हो! रात्री पाय जड पडतात, मला वाटायचं दिवसभर काउंटरवर बसून होतं. मग मेडिकलमधून बी-१२ च्या गोळ्या आजच आणते. इंजेक्शन घेतलेलं बरं का? आणि पित्ताची गोळी बंद करू का?

तळेगावचा डॉक्टर:

थांबा, आज काही आणू नका. आधी रक्त द्या. गोळी किंवा इंजेक्शन घेऊन मग तपासलं तर आकडा वर गेलेला दिसतो आणि मुळात किती होतं, कमतरता होती की नव्हती, हे कोणालाच सांगता येत नाही. बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिनसकट पूर्ण सीबीसी आणि साखर, एवढं एकाच वेळी होतं. रिपोर्ट घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, मुंग्यांचं आवर्जून सांगा, आकडा बराच खाली असेल तर ते इंजेक्शनने सुरुवात करतील, नाहीतर गोळ्या पुरतील. नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मनाने सुरू करू नका, तिने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

पित्ताची गोळीही एकदम बंद करू नका, अशी वर्षांची गोळी अचानक सोडली की काही दिवस आम्ल उसळून आधीपेक्षा जास्त त्रास होतो. ती अजून लागते का, कमी करत आणता येईल का, हे त्याच भेटीत विचारा. कमतरता निघालीच तर भरून यायला काही आठवडे ते महिने लागतात, तोवर कार्डं थांबवू नका. आणि रिपोर्ट आला की इथे कळवा.